वरच्या खोलीची मुदत

आमच्या घरमालकांच्या घरात एक दार कायम कुलपात असे, आणि रोज दिवेलागणीला ते त्या दारावर तीनदा टकटक करून उत्तराची वाट बघत.

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते राहायला आलो त्याच संध्याकाळी. जिन्याच्या वळणावर माझी ट्रंक अडकली होती आणि मी तिच्याशी झटापट करत होतो. खाली मागच्या बाजूच्या दारापाशी ते उभे होते. उंच, किडकिडीत, अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि खाली पांढरं पंच्यासारखं धोतर. त्यांनी दार वाजवलं, मान तिरपी केली, मनात दहा आकडे मोजावेत तेवढा वेळ थांबले आणि निघाले. दाराला बाहेरून चांगलं मुठीएवढं कुलूप होतं.

"कुणाला बोलावताय?" मी वरून विचारलं.

"बोलवत नाही ओ. आत कोण राहायला आलंय काय, बघतो."

"पण कुलूप तर बाहेरून आहे."

"कुलूप आपल्याला असतंय की. त्यांना कशाला?"

मी हसलो. ते हसले नाहीत. मी आणखी आगाऊपणा करून विचारलं, की समजा आतून उत्तर आलं, तर काय कराल? त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "मग त्यांच्या नावचा कागद करायला लागंल."

नव्वदच्या दशकाच्या मधली वर्षं. मी साताऱ्याहून बेंगळुरूला आलो होतो, बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात मापं तपासायच्या विभागात. चामराजपेटेतली ती वरची खोली कारखान्यातल्या एका सहकाऱ्यानं सुचवली. "मालक मराठीच आहेत, निपाणीकडचे," तो म्हणाला, आणि पुढं घाईघाईनं, "स्वल्प तऱ्हेवाईक आहेत." पुढच्या तीन वर्षांत मला कळलं, की त्या 'स्वल्प'मध्ये बरंच काही मावतं. गल्लीत सगळे त्यांना अण्णा म्हणत, म्हणून आम्हीही अण्णाच म्हणू लागलो.

घर दाखवताना लोक भाडेकरूला नोकरी विचारतात, जात विचारतात, मांस-मच्छी खाता का विचारतात. अण्णांनी मला वजन विचारलं. मग बायकोचं वजन विचारलं. लोखंडी कपाट आणणार का, आणलं तर कुठल्या भिंतीला लावणार, झोपेत दात खाता का, जिना चढताना टाचा आपटता का. सगळं एका वहीत लिहून घेतलं. मग मला बाहेर उभं करून खोलीभर भिंती वाजवत फिरले. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर वाजवून वाजवून त्याला घट्टा पडला होता, चांगला चिंचोक्याएवढा. त्या पेरानं ते सगळं वाजवून बघत. बाजारात नारळ वाजवत, दुसऱ्यांच्या लग्नात मांडवाचे खांब वाजवत. एकदा मला खोकला झाला होता तर माझी पाठ वाजवून म्हणाले, "पोकळ येतंय. आल्याचा काढा घ्या." काढ्यानं बरं वाटलं, हेही सांगायला पाहिजे.

भाड्याचा करार अकरा महिन्यांचा, तो सगळीकडेच असतो. अण्णांकडे त्याच्या जोडीला आणखी एक कागद मिळे. निळ्या शाईत, रेखीव अक्षरात: 'तपासणी केली असता सदर खोली, दोन माणसे, एक लोखंडी कपाट व किरकोळ सामान यांसह, अमुक तारखेपर्यंत राहण्यास योग्य आढळली. त्यानंतरचे सांगता येत नाही.' खाली सही. या कागदाच्या तीन प्रती निघत. एक भाडेकरूला, एक अण्णांच्या फायलीत, आणि तिसरी घडी घालून खोलीच्याच कोनाड्यात ठेवायची. ही कुणाची, असं विचारल्यावर ते म्हणाले, "खोलीची. तिला नको का कळायला, आपल्यावर काय लिहिलंय ते?"

अण्णा सीमाभागातल्या एका लहान गावच्या नगरपालिकेत घरं तपासायच्या कामावर होते. घर बांधून झालं की जाऊन बघायचं आणि राहायला योग्य आहे असा दाखला द्यायचा. आपण ज्याला भोगवटा दाखला म्हणतो, तो. हा दाखला घराला एकदाच मिळतो आणि मग घर पडेपर्यंत चालतो. अण्णांना ही गोष्ट भयंकर वाटे. "दुधाला मुदत हाय. औषधाला हाय. गाडी चालवायच्या परवान्याला हाय. आणि ज्याच्या खाली डोकं ठेवून झोपायचं, त्याला नाही?" हे वाक्य मी शंभर वेळा तरी ऐकलं असेल.

दर वर्षी ठरल्या तारखेला ते स्वतःच्या घराच्या दाखल्याचं नूतनीकरण करा असा अर्ज घेऊन कचेरीत जात. एका वर्षी माझ्या स्कूटरवर गेलो. टेबलामागच्या माणसानं अर्ज बघितला, अण्णांना बघितलं, आणि अगदी ओळखीच्या सुरात म्हणाला, "सार्, इदक्के रिन्युअल इल्ल सार्. याला नूतनीकरण नसतं. एकदा दिला की दिला." अण्णांनी शांतपणे विचारलं, की मग हे घर अजून राहण्यायोग्य आहे हे तुम्हाला कसं कळतं? तो म्हणाला, "तुम्ही राहताय ना सार्? मग आहे." अण्णा वळून माझ्याकडे बघत म्हणाले, "ऐकलासा? माणूस जित्ता हाय, म्हणून घर बरं हाय." अर्जावर आवकचा शिक्का घेतला आणि परत आलो. कचेरी देत नाही म्हणून मग ते स्वतःच देत. स्वतःच्याच घराला, एकेका खोलीला वेगवेगळा, मुदतीसकट.

मला त्यांचं हसू येई. मी माप तपासणारा माणूस. केसाच्या जाडीचा दहावा भाग मोजणारी यंत्रं माझ्या हाताखाली होती, आणि इथं हा म्हातारा बोटानं भिंत वाजवून तारीख सांगत होता. त्यांचे सगळे अंदाज खरे ठरत असंही नाही. कोपऱ्यावरच्या हॉटेलात भिंतीकडच्या टेबलावर ते कधी बसत नसत. येणाऱ्या-जाणाऱ्याला "तिथं नको" म्हणून उठवत. हॉटेलवाल्यानं शेवटी त्यांना हात जोडले, "अण्णा, धंदा करू द्या." त्या भिंतीला काही झालं नाही. माझ्या माहितीप्रमाणे ती अजून उभी आहे.

अण्णांची बायको आम्ही येण्याच्या चार-पाच वर्षं आधी गेली होती. कुलपातली खोली तिची. तिच्याबद्दल ते एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगत, आणि ती सांगताना हसत. गावाकडे असताना एकदा साहेब घरी आला. अण्णांना त्याला टाळायचं होतं, म्हणून ते स्वयंपाकघरात दडले आणि बायकोला सांगितलं, नाहीत म्हण. साहेबानं विचारलं, आहेत का? ती म्हणाली, "आहेत, पण नाहीत म्हणून सांगा म्हणालेत." अण्णा म्हणत, "उभ्या जन्मात खोटं म्हणून बोलली नाही बाई. जमतच नव्हतं तिला."

ती गेली त्या खोलीचा कागद तेव्हा मुदतीत होता. अण्णांनी स्वतः तपासून लिहून दिलेला. "योग्य म्हणून लिहिलेलं ओ मी. तरी गेली," ते एकदा म्हणाले. त्यानंतर त्या खोलीची मुदत त्यांनी वाढवली नाही. संपू दिली आणि कुलूप घातलं. त्यांचा नियम होता: मुदत संपलेल्या खोलीलाच कुलूप लावायचं. जिथं माणूस राहतं, तिथं नाही. त्यामुळे अण्णा बाजारात जात तेव्हाही घराला नुसती कडी असे.

माझी बायको दिवसभर घरी असायची. ती मला संध्याकाळी सांगे, की दुपारी खालच्या बंद खोलीतून आवाज येतो. कसला? तर केस विंचरल्यासारखा. लांब केसांतून लाकडी फणी फिरवावी तसा, थांबून थांबून. मी सांगितलं, की शेजारी ग्राइंडर दुरुस्तीचं दुकान आहे, ते दगड घासत असतील. ती म्हणाली, "मला काय दगडाचा आवाज कळत नाही?" आणि विषय सोडला. भ्यायली मात्र नाही. उलट अण्णांना पिठलं-भाकरी द्यायला खाली गेली की त्या दारापाशी जराशी रेंगाळायची.

आता काचांचं सांगतो. अण्णांच्या घरात जिथंजिथं भिंतीला तडा होता, तिथं त्यावर आडवी एक पातळ काचेची पट्टी बसवलेली होती. बोटाएवढी लांब. दोन्ही टोकांना सिमेंटचा एकेक ठिपका, आणि वर काळ्या रंगात तारीख. ही युक्ती जुनी आणि साधी आहे. तडा जागचा हलला नाही तर काच शाबूत राहते, आणि तडा जरा जरी रुंदावला तरी काच फुटते. अण्णा त्यांना साक्षीदार म्हणत. आमच्या वरच्या खोलीत पाच साक्षीदार होते. मुदत संपायच्या दिवशी एकही फुटलेला आढळला, की खोली त्याच संध्याकाळी रिकामी करायची. आमच्या आधीचं कुटुंब तसंच गेलं होतं. घरात म्हातारी आजारी होती, तरी अण्णांनी ऐकलं नाही.

दुसऱ्या वर्षीची मुदत संपायला पंधरा दिवस उरले होते आणि बायकोला आठवा संपत आला होता. दिवस जरा अवघडच होते. डॉक्टरीणबाईंनी जिनासुद्धा दिवसातून एकदाच उतरा म्हणून सांगितलं होतं, प्रवास तर नाहीच. त्यांचा दवाखाना गल्लीच्या तोंडाशी होता, हाच काय तो आधार. सासूबाई साताऱ्याहून यायच्या होत्या. आणि एका रविवारी, पाळण्यासाठी जागा करायला म्हणून मी लोखंडी कपाट सरकवलं, तर त्यामागच्या साक्षीदाराचे दोन तुकडे झालेले.

मग मी शहाण्यासारखा विचार केला. म्हणजे तेव्हा मला तो शहाणपणा वाटला. कारखान्यातून फट मोजायचं पात्यांचं माप आणून तडा मोजला. आठवड्यानं परत मोजला. रेघभरही फरक नव्हता. म्हणजे काच तड्यानं फुटलेली नाही, कपाटाचा धक्का लागून फुटली असणार. तडा हललेला नाही, तर खोली योग्यच आहे. मग एका फुटक्या काचेपायी या अवस्थेत बायकोला कुठं घेऊन जायचं? मी कारखान्यातून तसलीच काच कापून आणली. जुने तुकडे खरवडून काढले. काचेखाली एक लांब केस चिकटलेला होता, मुळाशी पांढरा आणि टोकाकडे काळा. मी तो फडक्यानं पुसून टाकला. नवी काच सिमेंटनं बसवली, तारीख अण्णांच्या वळणात काढली, वर थोडी धूळ फुंकली. बायकोला यातलं काहीच सांगितलं नाही. स्वतःवर मी बऱ्यापैकी खूश होतो.

मुदतीच्या तीन दिवस आधी संध्याकाळी अण्णा जिन्यावर कॉफी पीत बसले होते. मी कारखान्याच्या बसमधून उतरून आलो, तर मलाही पेला दिला. आणि आपणहून, का ते मला ठाऊक नाही, गावाकडची एक गोष्ट सांगायला लागले. ती त्यांनी त्याआधी कधीच सांगितली नव्हती.

तिथं एका घराच्या मागच्या भिंतीला तडा होता. अण्णांनी काच बसवली आणि मालकाला सांगितलं, सहा महिने थांबू, काच टिकली तर दाखला देतो. सहा महिन्यांनी गेले. काच शाबूत होती. त्यांनी सही केली. मालकानं भाडेकरू ठेवले, एक बाई आणि तिच्या दोन मुली. पावसाळा लागला आणि भिंत आली खाली.

"ढिगाऱ्यात मला माझी काच सापडली ओ. हातात घेतली तर माझी नव्हतीच. जाड होती. मालकानं बदललेली. त्याला वाटलं, एवढ्याशा काचेनं काय होतंय."

मी कॉफीचा पेला खाली ठेवला.

"तवापासनं मी काचेच्या खाली केस ठेवतो. आमच्या हिचा. आधी ती स्वतः काढून द्यायची, गेली तवा वेणी कापून ठेवली मी. अर्धा पांढरा, अर्धा काळा, बाजारात मिळत नाही असला. काच कुणीपण बदलंल. केस कुठनं आणंल?" ते कॉफी संपवून उठले. "ती साक्ष देती. तिला खोटं येत नाही."

त्या रात्री मला झोप लागली नाही. नवी काच काढून सगळं कबूल करावं, असं सकाळी वाटे, आणि संध्याकाळी बायकोचे सुजलेले पाय बघितले की धीर सुटे. मी लोखंडी कपाट सरकवून त्या काचेकडे बघत बसे. सिमेंट पक्कं झालं होतं. काचेखाली नुसती भिंत आणि तडा, दुसरं काही नाही. हे मी एकदा नाही, दहादा पाहिलं. मुदतीच्या दिवशी सकाळी दार ओढून घेतानाही पाहिलं.

त्या दिवशी रिवाजाप्रमाणे सकाळी आम्ही बाहेर पडलो आणि अण्णा आत गेले. खोलीच्या मधोमध चटई टाकून, दार लावून, दिवेलागणीपर्यंत एकटं बसायचं. खाणं नाही, पिणं नाही. आम्ही दिवसभर गल्लीतल्या शिंपीणबाईंच्या पडवीत बसलो. बायको शिंपीणबाईंबरोबर झबल्यांना काजं करत होती. मी मनातल्या मनात भाड्याच्या दुसऱ्या खोल्या शोधत होतो.

संध्याकाळी अण्णांनी हाक मारली. आम्ही वर गेलो. बायकोला कठड्यापाशी खुर्ची दिली आणि मी बॅटरी धरायला आत गेलो, कारण ते काम भाडेकरूचं. पहिला साक्षीदार, दुसरा, तिसरा, चौथा. प्रत्येक काचेखाली तो लांब दुरंगी केस चमकत होता. दोन वर्षं मी त्या काचा बघत होतो आणि मला एकदाही तो दिसला नव्हता. मग आम्ही कपाट सरकवलं. अण्णांनी चष्मा वर केला, नाक भिंतीला लागेल इतके वाकले. मी डोळे मिटून घेतले.

"हाय. सरी, ठीक हाय," ते म्हणाले.

मी डोळे उघडले. माझ्या काचेखाली, मी कारखान्यात कापलेल्या, मी बसवलेल्या काचेखाली, एक केस तड्यावरून आडवा ताणलेला होता. मुळाशी पांढरा, टोकाकडे काळा. त्याची दोन्ही टोकं सिमेंटात रुतलेली होती, मी स्वतः थापलेल्या सिमेंटात. माझ्या मानेवर गार वारा लागल्यासारखं झालं. खोलीची खिडकी बंद होती.

अण्णांनी कोनाड्यापाशी बसून कागद लिहिला. या खेपेला 'दोन माणसे व एक येणारे' असं लिहिलं आणि हसले. तिन्ही प्रतींवर सह्या झाल्या. मी सुटलो होतो. गप्प बसलो असतो तर जगात कुणालाच कळलं नसतं.

तेवढ्यात बायको आत आली. कमरेवर हात ठेवून, सावकाश, दमून हसत, ती खाटेकडे गेली. खाट त्या भिंतीलाच लागून होती. ती बसली, पाठ भिंतीला टेकली आणि म्हणाली, "झालं ना? बरं वाटलं बाई." आणि मला त्या दोन मुलींची आई आठवली. तीही कधीतरी अशीच म्हणाली असेल.

"अण्णा," मी म्हणालो, "ती काच माझी आहे."

सगळं सांगितलं. अडखळत, पण सगळं. बायको माझ्याकडे बघतच राहिली. अण्णा चिडतील, हाकलून देतील अशी मी वाट बघत होतो. ते परत काचेपाशी वाकले. मग हळूच विचारलं, "आणि केस? तो पण तुम्हीच ठेवलासा?"

"नाही. केस मी पुसून टाकला होता. सकाळी तिथं काही नव्हतं, अण्णा."

"मी पण ठेवला नाही ओ."

ते खाली गेले आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आले. डब्याच्या झाकणावर सगळीकडून लाल लाखेची मोहर, कचेरीत पाकिटाला करतात तशी, वर अकरा महिन्यांपूर्वीची तारीख. मोहर जशीच्या तशी होती. त्यांनी ती आमच्यासमोर फोडली. आत रेशमी दोऱ्यानं बांधलेली वेणी होती, मुळाकडे पांढरी, टोकाला काळी. खोलीत खोबरेल तेलाचा वास पसरला, अगदी ताजा, आत्ताच कुणी माखून घेतल्यासारखा.

अण्णा त्या वेणीकडे बघत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मला आधी समजेना, पण ते हसत होते. "खोटं बोलली," ते म्हणाले. "माझ्याशी खोटं बोलली बघा ती. साहेबाच्या पुढ्यात सुद्धा बोलली नव्हती. पोटुशी बाईला भायेर काढणार म्हटल्यावर बोलली."

माझी बायको रडायला लागली. मला काय वाटत होतं ते आता नीट सांगता येणार नाही. भीती होती, खूप होती. पण त्या भीतीत कुणीतरी आपली बाजू घेतली असावी असंही काहीतरी होतं.

अण्णांनी तिन्ही कागद फाडले. "साक्षीदारच फुटला, आता साक्ष कुणाची काढायची? तुम्ही खाली या, माझ्या खोलीत. मी राहतो वर."

"पण अण्णा, खोली धोक्याची असेल तर..."

"असंल की. म्हणून तर तुम्ही नको. इंजिनेर, अक्काला हात द्या, जिना उतरायचाय." मी हात दिला. अर्ध्या तासात गाद्या खाली आल्या.

आम्ही खालच्या खोलीत असतानाच मुलगी झाली, तीन आठवड्यांनी, सुखरूप. बारशाच्या आदल्या दिवशी अण्णा किल्ली घेऊन आले आणि ते मागचं कुलूप त्यांनी स्वतः काढलं. आत एक पलंग, एक आरसा आणि एक लाकडी फणी होती. फणीवर धुळीचा कण नव्हता. त्यांनी फणी खिशात घातली, भिंती वाजवल्या, कागद लिहून दिला, आणि आमचा पाळणा त्या खोलीत टांगला. त्या दिवसापासून त्यांनी दारावर टकटक करणं सोडलं.

"आता वाजवत नाही?" मी विचारलं.

"तिथं कोण नाही आता," ते म्हणाले, आणि वर बघितलं.

रोज सकाळी ते खालून कॉफीचे दोन पेले भरून वर नेत. दोन्ही रिकामे परत येत. दोन्ही तेच पीत असणार, असं मी म्हणायचो. दुपारचा तो विंचरल्याचा आवाज बायकोला आता वरून येऊ लागला होता. मला एकदाही आला नाही, पण मी दुपारी घरी नसायचोच.

मुलगी दीड वर्षाची झाली तेव्हा मी नोकरी बदलली आणि आम्ही व्हाइटफील्डकडे नव्या इमारतीत फ्लॅट घेतला. ताबा मिळाला त्या दिवशी मी अण्णांना तिथं नेलं आणि दाखला मुद्दाम दाखवला. शिक्का, सही, सगळं व्यवस्थित, मुदत कुठंच नाही. त्यांनी तो वाचला, हॉलची भिंत वाजवली आणि दाखला परत माझ्या हातात दिला. "चांगलं हाय," म्हणाले. वाईट वाटू नये म्हणून म्हणाले, हे मला कळलं.

पुढच्या वर्षी त्यांच्या पुतण्याचा फोन आला. अण्णा गेले होते. वरच्या खोलीत, दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या. पुतण्या हुबळीहून आला होता. घर विकायचं ठरलं होतं आणि अण्णांचे मराठी कागद त्याला वाचता येत नव्हते, म्हणून त्यानं मला बोलावलं.

मी वर गेलो. खोली झाडलेली होती. कोनाड्यात ती फणी होती. स्टुलावर दोन पेले होते, धुऊन पालथे घातलेले. मी त्या भिंतीपाशी गेलो आणि खाली वाकलो. माझी काच फुटली होती. बरोबर मधोमध, दोन तुकडे, आणि तडा आता नुसत्या डोळ्यांनाही रुंद दिसत होता. पण केस तुटला नव्हता. त्या फटीवरून तो तसाच ताणलेला होता, या बाजूच्या भिंतीपासून त्या बाजूच्या भिंतीपर्यंत.

खोलीची प्रत कोनाड्यात होती. मी उघडली. तेच अक्षर, जरा थरथरलेलं. 'तपासणी केली असता सदर खोली राहण्यास योग्य आढळली. राहणारी माणसे: दोन. मुदत:' आणि पुढं काही नाही. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात एक कागद मुदतीशिवाय दिला नाही, त्यानं तिथं जागा कोरी सोडली होती. 'त्यानंतरचे सांगता येत नाही' हे वाक्यही नव्हतं. मी जमिनीवर बसून मनसोक्त रडलो.

पुतण्या जिन्यावर आला. त्याच्या हातात ते जुनं मुठीएवढं कुलूप होतं. "झालं का, सार्? वर कुलूप घालतो."

मी कागदाची घडी घालून होती तशी कोनाड्यात ठेवली. बाहेर आलो, दार ओढून घेतलं, आणि माझं मलाच कळलं नाही, पण पेरानं तीनदा वाजवलं. मान तिरपी करून थांबलो.

"कुलूप नको," मी त्याला म्हणालो. "नुसती कडी लावा. आत माणसं आहेत."